सहकुटुंब आणि भयपट : परीक्षणात नुसते तारे नकोत, तपशील द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वाचकांच्या पत्रांत गेले काही दिवस ‘सहकुटुंब पाहावेत असे चित्रपट हल्ली येतच नाहीत’ हा सूर लागला आहे. पुरवणीत मात्र एखाद्या भयपटाचे परीक्षण ‘दोन-तीनदा दचकायला होते, अडीच तारे’ एवढ्यावर आटोपलेले असते. या दोन्हींबद्दल एका हौशी प्रेक्षकाचे म्हणणे मांडतो. चित्रपट सहकुटुंब आहे की नाही, हे आपण त्यात काय नाही यावरून ठरवतो. शिवी नाही, चुंबन नाही, दारूची बाटली नाही, मग चला सगळे. भयपट मात्र किती वेळा किंचाळलो यावर तोलतो. ही दोन्ही मापे खोटी आहेत आणि त्यांचा भुर्दंड घरातल्या लहानांना पडतो. म्हणून परीक्षणाखाली तपशिलाची एक छोटी चौकट छापावी, ही माझी मागणी. तिचा नमुना शेवटी देतो.

आधी दाखल्याचे पाहू, कारण गोंधळ तिथेच जास्त आहे. सेन्सॉर मंडळाचे ‘यू’, ‘यूए’ आणि ‘ए’ हे शिक्के सगळ्यांना ठाऊक आहेत. ‘यूए’चा अर्थ पूर्वी एकच होता : बारा वर्षांखालच्या मुलांना दाखवायचे की नाही ते पालकांनी ठरवावे. २०२३च्या दुरुस्ती कायद्याने आणि २०२४च्या नियमांनी या ‘यूए’चे तीन तुकडे केले : ७+, १३+ आणि १६+. हे आकडे पालकांसाठी आहेत, दारावरच्या माणसासाठी नाहीत. ‘यूए १६+’ला दहा वर्षांचे मूल घेऊन गेलात तर तिकीट फाडणारा तुम्हाला कायद्याने अडवू शकत नाही, ‘ए’ला मात्र अठरा वर्षांखालच्याला आत सोडता येत नाही आणि सोडले तर जबाबदारी थिएटरची असते. हा फरक माहीत नसल्यामुळे तिकीट खिडकीपाशी रोज वाद होतात. मंडळाच्या नावाने बोटे मोडण्यापूर्वी आपण आकडा वाचला होता का, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

ओटीटीवर वेगळाच कारभार आहे. तिथला वयाचा आकडा २०२१च्या नियमांनुसार मंचाने स्वतःच ठरवलेला असतो, सेन्सॉर मंडळाने नव्हे. त्यामुळे एकाच चित्रपटाचा थिएटरातला आणि मोबाइलवरचा आकडा जुळेलच असे नाही. ‘टीव्हीवर लागला होता, पोरांनी पाहिला होता, म्हणजे चालेल’ हा तर्क तर अगदीच धोक्याचा. टीव्हीवर येणारी प्रत बऱ्याचदा कापून वेगळा दाखला घेतलेली असते. तोच चित्रपट ओटीटीवर लावला की कापलेले सगळे परत आलेले असू शकते.

दाखल्यावर आकडा असतो, पण भीती कोणत्या जातीची आहे ते कळत नाही. साधारण सात वर्षांपर्यंतच्या मुलाला जे भेसूर दिसते त्याची भीती वाटते : विद्रूप चेहरा, माणसाचे जनावर होणे, डोळे पांढरे होणे. गोष्टीत तो राक्षस सज्जन निघाला तरी त्या वयात उपयोग नसतो, कारण डोळ्यांनी पाहिलेले आधी पोहोचते. आठ-नऊच्या पुढे उलट होते. मुखवटा हास्यास्पद वाटू लागतो आणि खरोखर घडू शकेल अशा गोष्टी छातीत धडकी भरवतात : चोर, आग, आईबापांचे मरण, आपले हरवणे. म्हणूनच ‘श्वास’सारखा चित्रपट, ज्यात एकही आक्षेपार्ह शब्द नाही, नऊ वर्षांच्या मुलाला कोणत्याही हडळीपेक्षा जास्त जड जाऊ शकतो. डोळ्याच्या कर्करोगावरच्या शस्त्रक्रियेनंतर आपल्याला दिसणार नाही, हे त्यातल्या लहान मुलाला सांगितले जाते. चित्रपट थोर आहे, मुलांनी तो जरूर पाहावा. पण शेजारी मोठे माणूस हवे आणि नंतर बोलायला अर्धा तास हवा. ‘कौटुंबिक’ या एका शब्दात हे कुठे बसते?

लहान मूल घाबरले की आपण ‘अरे, खोटे असते ते’ म्हणून मोकळे होतो. सहा वर्षांच्या मुलाला ही समजूत पुरत नाही. त्याला जवळ घ्यावे, बाहेर आणावे, पाणी द्यावे, हातात काहीतरी द्यावे. नुसते डोळे झाकायला सांगूनही भागत नाही, कारण चित्र जाते आणि आवाज तसाच राहतो, आणि भयपटात बहुतेक काम आवाजच करत असतो. दहाच्या पुढच्या मुलाला मात्र तो प्रसंग कसा चित्रित केला असेल ते समजावून सांगा. भीती तिथल्या तिथे उतरते.

आता भयपटाच्या कसबाकडे वळतो. परीक्षणांत दचकणे आणि भीती यांची सरमिसळ असते. दचका हा शरीराचा प्रतिसाद आहे. कानाशी फटाका वाजला तर शूरातला शूर माणूसही पापणी मिटतो. त्यात दिग्दर्शकाची कला शून्य. तो बांधण्याची रीत ठरलेली आहे. पात्र एकटे करायचे, चौकट आवळायची, म्हणजे त्याच्या आजूबाजूला काय आहे ते आपल्याला दिसू नये. मग पार्श्वसंगीत हळूच काढून घ्यायचे. पंख्याची घरघर, रातकिड्यांचा आवाज, सगळे बंद. प्रेक्षकाचा कान आपोआप पुढे होतो. दार उघडते, आत काहीच नाही, श्वास सुटतो आणि त्याच क्षणी मागून चेहरा येतो, सोबत मोठा आवाज. यातली ‘काहीच नाही’ ही पायरी गाळली की दचका बसत नाही, नुसता गोंगाट होतो. १९४२च्या ‘कॅट पीपल’मध्ये हाच खेळ एका बसच्या ब्रेकच्या फुसकाऱ्यावर केला होता. बाई भेदरून चालते आहे, आपण श्वापदाची वाट पाहतो आणि येते बस. ऐंशीहून अधिक वर्षे झाली, रीत तीच आहे.

दचक्याची अडचण अशी की तो शिळा होतो. तिसऱ्या-चौथ्या वेळेला शरीर सावध असते. पाचव्याला प्रेक्षक हसतो. म्हणून ज्या चित्रपटात दर सात-आठ मिनिटांनी दार आपटते, तो उत्तरार्धात हमखास पडतो. दिग्दर्शकाला हे जाणवते, मग तो आवाज वाढवतो. भयपट कर्कश होतात ते असे.

धास्ती मात्र मुरत जाते. प्रेक्षकाला पात्रापेक्षा थोडे जास्त माहीत असावे लागते आणि कॅमेऱ्याने घाई करू नये. २०१७च्या ‘लपाछपी’ने हे भर उन्हात करून दाखवले. उसाच्या फडात काळोख लागतच नाही. माणसाच्या उंचीपेक्षा वर गेलेला ऊस, सगळीकडे सारखाच, दोन हातांपलीकडचे दिसत नाही, आणि वारा आला की पात्यांचा आवाज चहूबाजूंनी येतो. गरोदर बाईला पळायचे तर कुठल्या दिशेने, हे तिला कळत नाही आणि आपल्यालाही नाही. ज्यांना वाटते की भयपट म्हणजे निळा प्रकाश आणि धूर, त्यांनी तो मुद्दाम पाहावा. आवाजाचे म्हणाल तर १९४९च्या ‘महल’मधले ‘आएगा आनेवाला’ हे गाणे आठवा. लताबाईंना ध्वनिमुद्रणाच्या खोलीत लांब उभे करून गात गात मायक्रोफोनकडे चालत आणले होते, म्हणून तो स्वर दुरून जवळ येतो. आवाज लांब-जवळ करायला आजच्यासारखी यंत्रे हाताशी नसताना अंतर खरोखर चालून निर्माण केले. आणि त्या कथेत भूत नाहीच!

भयपटाची दुसरी कसोटी नियमांची. भुताला काय जमते आणि काय जमत नाही, हे पहिल्या अर्ध्या तासात सांगितले पाहिजे आणि मग शेवटपर्यंत पाळले पाहिजे. ‘झपाटलेला’ (१९९३) लहानांना इतका का आवडतो? बाहुली रामदास पाध्यांनी जिवंत केली हे खरेच, पण नियम साफ आहेत म्हणूनही. बाहुलीत शिरलेल्या गुंडाने, म्हणजे तात्या विंचूने, आपली खरी ओळख ज्याला पहिल्यांदा सांगितली, त्याच्याच शरीरात त्याला शिरता येणार. झाले, सात वर्षांच्या पोरालाही पुढचा सगळा पाठलाग समजतो. ‘तुंबाड’चेही (२०१८) तेच. त्यातला हस्तर हा सोने राखणारा शापित देव पिठासाठी वखवखलेला, म्हणून सोन्यासाठी पिठाची बाहुली घेऊन त्याच्याकडे खाली उतरायचे. पिठाच्या रिंगणात असाल तोवर तो शिवणार नाही. शेवटी लोभाने एकाऐवजी अनेक बाहुल्या नेल्या जातात आणि जे व्हायचे ते होते. शेवट बाहेरून आणलेला नाही, नियमातूनच निघाला. उलट सुमार भयपटात भूत पूर्वार्धात भिंतीतून येते आणि उत्तरार्धात कडी लावली की अडते. तिथे प्रेक्षक सुटला तो सुटला.

नियमांची ही शिस्त आपल्या मातीत आयती पडलेली आहे. कोकणात आणि गोव्यात कोणत्याही जाणत्याला विचारा. मुंजा पिंपळावर, गिऱ्हा पाण्यात, प्रत्येकाची जागा ठरलेली, वेळ ठरलेली, मागणी ठरलेली. आणि आपला देवचार तर भूत म्हणण्याच्या लायकीचाच नाही, तो राखणदार. त्याला रोट, विडी, दारू पोहोचती करायची आणि त्याने गावाची शीव राखायची, असा तो व्यवहार. पेडण्याच्या पलीकडे सिंधुदुर्गात, आरवलीला, वेतोबा या ग्रामदेवापुढे भाविकांनी वाहिलेल्या चामडी वहाणा पाहा. चांगल्या लांबलचक असतात आणि त्यांचे तळ झिजलेले दिसतात. देव रात्री त्या घालून गावात फिरतो अशी श्रद्धा आहे. एका झिजलेल्या तळव्याच्या जवळच्या दृश्यात जे साधेल, ते संगणकावर काढलेल्या दहा राक्षसांत साधणार नाही. शिगम्यात, म्हणजे गोव्यातल्या होळीच्या सणात, साळ गावच्या गड्यांची, म्हणजे अंगात येणाऱ्या भक्तांची, जत्रा पाहायला रात्र रात्र माणसे डोंगराकडे डोळे लावून बसतात. अंधारात लांब देवचाराच्या दिवट्या दिसतात की नाही, एवढाच खेळ. पण लेकुरवाळ्या बाया, म्हातारे, पोरे, सगळे असतात. सहकुटुंब भीती म्हणतात ती हीच.

आणि आपल्याकडे चित्रीकरणाला येणारे काय करतात? गोवा म्हटले की बाल्कांव, म्हणजे दारापुढचा बसायचा सोपा, असलेले मोठे ख्रिस्ती घर, झुंबर, शिंपल्यांच्या खिडक्या, कपेलातली घंटा, आणि त्यात उत्तरेकडची कुठलीतरी चुडैल आणून बसवतात. पांढरी साडी, उलटे पाय. सासष्टीतल्या घरात ती पोहोचली कशी, हे कोणी विचारत नाही. हिंदू घरातले राजांगण, म्हणजे घराच्या मधोमधचे अंगण, मधली तुळस, माजघरातला कायमचा काळोख, मुसळधार पावसात नळ्यांच्या कौलांवरून एकसारखी लागलेली धार, यांतले काही दिसत नाही. राजांगण ही भयपटासाठी अप्रतिम जागा आहे : चारही बाजूंच्या ओसऱ्या एकमेकींना दिसतात, म्हणजे समोरच्या ओसरीवर कोण उभे आहे ते आपल्याला दिसते आणि पाठमोऱ्या पात्राला दिसत नाही. कॅमेरा हलवायचीही गरज नाही.

भयपटात झपाटलेले म्हणून दाखवतात ते बंद पडलेले घर मुळात बंद का पडले, इथे मला कौटुंबिक चित्रपटावर यायचे आहे. मुंबईच्या चित्रपटांत बाप मुलाला ‘माझ्या इस्टेटीतली एक कवडी मिळणार नाही’ असे बजावतो आणि मध्यंतर होते. गोव्यात हा संवाद पडतो. इथल्या कायद्यात, म्हणजे १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेतल्या आताच्या २०१२च्या वारसा कायद्यात, आईबापांना आपल्या वाट्याच्या निम्म्याच मिळकतीची मृत्युपत्राने मनाप्रमाणे वाटणी करता येते. उरलेला निम्मा मुलांचा राखीव. बेदखल करायचे तर कायद्यात मोजकीच कारणे दिली आहेत आणि ‘मनाविरुद्ध लग्न केले, म्हणून मी संतापलो’ एवढ्याने भागत नाही. लग्न होताना वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची मिळकत सामाईक, म्हणजे घर विकायला दोघांची सही लागते. परिणाम असा की बाप गेला की त्याचे घर एकाचे होत नाही, सगळ्यांचे होते. एक भाऊ कुवेतला, बहीण लिस्बनला, एका चुलत्याचा पत्ताच नाही, चौथा घरातच राहतो पण कौले बदलायला एकटा खर्च का करू म्हणून हात आखडतो. मग इन्व्हेंटरीचा, म्हणजे वारसांत मिळकत वाटण्याचा दावा, सगळ्यांना नोटिसा, आणि वाटणी जमली नाही तर कोर्टात वारसांमध्येच घराची बोली. सख्खी भावंडे समोरासमोर बसून आईच्या माजघरावर बोली चढवतात. यापेक्षा जबर कौटुंबिक प्रसंग कोणी लिहून दाखवावा. आणि ही वर्षे चालू असताना छप्पर बसते, माडी कोसळते, रान वाढते, मग बाहेरचा माणूस येऊन म्हणतो की घर झपाटलेले आहे.

गोव्यातले झपाटलेले घर म्हणजे अर्धवट राहिलेला कौटुंबिक चित्रपट. दोन्ही प्रकारांत प्रश्न तोच असतो : या घरावर हक्क कोणाचा, आणि गेलेल्या माणसाचे काय देणे राहिले. कोकणीतला ‘निर्मोण’ (१९६६) पाहा. तारवटी, म्हणजे खलाशी असलेला नवरा बुडाला असे समजून बायको दुसरे लग्न करते आणि तो परत येतो. भयपटवाल्याने हीच गोष्ट घेतली असती तर दारात प्रेत उभे केले असते. तिथे जिवंत माणूस उभा आहे, म्हणून प्रसंग जास्त कठीण. पुढच्याच वर्षी त्यावर हिंदीत ‘तकदीर’ निघाला, यातच काय ते आले.

आपल्याकडचे बहुतेक ‘कौटुंबिक’ चित्रपट फसतात, कारण त्यांत भांडणच नसते. गैरसमज असतो. गैरसमज एका फोनवर मिटू शकतो, म्हणून लेखकाला सव्वा दोन तास कोणालाही फोन करू द्यायचा नसतो. मग मध्ये तीन समारंभ, हळद, मेंदी, नृत्य. सगळी माणसे चांगली आणि एक मामी वाईट. १९५३चा ‘श्यामची आई’ आजही टिकतो तो आई गोड आहे म्हणून नव्हे. ती मुलाला कठोरपणे वागवते, कर्जाची लाज आहे, घरातले दारिद्र्य खरे आहे. राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक त्याला मिळाले. आपल्या तियात्रांत, म्हणजे कोकणी संगीत नाटकांत, आणि जत्रेतल्या उत्सवी नाटकांत घरातला तंटा अजून रोखठोक येतो. चित्रपटवाल्यांनी तिथे जाऊन बसावे.

भय आणि विनोद यांच्या मिश्रणाची सध्या लाट आहे. त्याबद्दल थोडक्यात एवढेच की क्रम महत्त्वाचा. भीतीनंतर आलेला विनोद सुटका करतो, भीतीच्या आधी आलेला विनोद भीतीच मारतो. दशावतारातल्या संकासुराला हे उपजत कळते. काळा पायघोळ वेश, तोंडावर काळा बुरखा, पोरे रंगमंचापासून चार हात मागे सरकतात, आणि मग तो मालवणीत असे काही बोलतो की तीच पोरे खिदळत पुढे येतात. आधी हसवले असते तर कोणी मागे सरकले नसते.

आता थिएटराविषयी. इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, २००४ पासून पणजीत आहे, त्यामुळे मध्यंतराशिवाय चित्रपट पाहण्याची सवय इथल्या बऱ्याच प्रेक्षकांना झाली आहे. एरवीच्या खेळात परदेशी भयपटाला मध्यंतर कुठेही, अगदी वाक्याच्या मधोमध पाडतात. दिवे लागतात, डोळ्यांतल्या बाहुल्या आकसतात, आणि डोळ्यांना पुन्हा अंधाराची सवय व्हायला चांगली काही मिनिटे लागतात, पुरती सवय व्हायला तर वीस मिनिटांच्या वर. मध्यंतरानंतरचा पहिला प्रसंग काळोखातला असेल तर तो निम्म्या प्रेक्षकांना दिसतच नाही. जाणकार दिग्दर्शक तिथे उजेडातला, संवादाचा प्रसंग ठेवतो. तुम्ही निदान पडदा सुरू होण्यापूर्वी जागेवर येऊन मोबाइल खिशात टाका.

पडद्याचा उजेड हे दुसरे दुखणे. ठरलेले माप १४ फूट-लॅम्बर्ट, म्हणजे चौरस मीटरला सुमारे ४८ कॅन्डेला. प्रोजेक्टरचा दिवा जुना झाला की हे घसरते. त्रिमितीचा पडदा चंदेरी असेल तर मध्ये लख्ख आणि कडेच्या खुर्च्यांवरून पाहाल तर मळकट. त्रिमितीच्या खेळानंतर भिंगापुढची काच तशीच ठेवून साधा चित्रपट लावला तर उजेड निम्म्याच्याही खाली जातो. प्रेमकथेत हे खपते. भयपटात कोपऱ्यातली आकृतीच नाहीशी होते आणि प्रेक्षक दिग्दर्शकाला शिव्या घालतो.

आवाजाचे तसेच. ध्वनिमिश्रण करताना यंत्राची कळ सातवर धरलेली असते. प्रेक्षक ‘फार मोठा’ म्हणतात म्हणून अनेक ठिकाणी ती पाचवर किंवा त्याहूनही खाली आणतात. मग दचका सुसह्य होतो, पण कुजबुज ऐकू येत नाही, आणि कुजबुज गेली की पुढचा दचका निराधार. एकदा कळ खाली आली की ध्वनिमिश्रण करणारे आणखी चढ्या आवाजात बांधतात, आणि दुष्टचक्र चालू राहते.

घरी पाहणाऱ्यांनी काही गोष्टी कराव्यात. टीव्हीचे चित्र ‘विव्हिड’वरून काढून ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’वर ठेवा. हालचाल गुळगुळीत करणारी सोय, प्रत्येक कंपनी तिला वेगळे नाव देते, ती बंद करा. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा असतो आणि ही सोय मधल्या चौकटी स्वतःच बनवून घालते, त्यामुळे भूत मालिकेतल्या सुनेसारखे दिसू लागते. टीव्हीला वेगळे स्पीकर नसतील तर ध्वनीच्या यादीतून ५.१ऐवजी स्टिरिओ निवडा, नाहीतर संवाद दबतात आणि स्फोट तेवढे ऐकू येतात. काळोखात करड्या चौकटी-चौकटी दिसत असतील तर इंटरनेटचा वेग कमी पडतो आहे. दर्जा ‘ऑटो’वरून सर्वात वर न्या किंवा आधी उतरवून घ्या. खोलीतला दिवा पडद्यावर पडू देऊ नका, पण मुले असतील तर टीव्हीच्या मागे एक मंद दिवा राहू द्या. काळा रंग काळा दिसतो आणि खोली ओळखीची राहते. जून-जुलैत पत्र्याखाली पाहत असाल तर हळुवार भयपट विसरा, पावसापुढे काही ऐकू येणार नाही. आणि ओटीटीवर मुलांसाठी वेगळे प्रोफाइल करून मोठ्यांच्या प्रोफाइलला पिन घाला. पिन म्हणून घराचा क्रमांक घालू नका, पोरांना तो पाठ असतो.

आता मूळ मागणी. आपल्या परीक्षणाखाली एक छोटी चौकट छापावी. नमुना असा : ‘यूए १३+. दोन तास सहा मिनिटे. भीती चेहऱ्याची कमी, बंद खोलीची जास्त. दचके चार, तीन मध्यंतरानंतर. मूल संकटात सापडते, वाचते. आईचा मृत्यू पडद्यावर दिसतो. रक्त एका प्रसंगात. कर्कश.’ जेमतेम तीस शब्द. कथा फुटत नाही, आणि सात वर्षांच्या मुलीची आई व सत्तरीचे हृदयविकाराचे आजोबा, दोघांनाही आपापला निर्णय घेता येतो. कौटुंबिक म्हणवणाऱ्या चित्रपटालाही हीच चौकट लावावी : ‘आजार, रुग्णालय, आजोबांचा मृत्यू’ एवढे कळले तरी पुरे. तारे ठेवायचे तर ठेवा, त्यांनी कोणाचे नुकसान होत नाही.

परीक्षकांना आणखी एक विनंती. चित्रपट कोणत्या पडद्यावर पाहिला आणि चित्र-आवाज कसा होता, हे एका ओळीत लिहावे. वाचकांनीही थिएटरात तक्रार करताना नेमके बोलावे. ‘आवाज नीट नाही’ म्हटले की कोणी हलत नाही. ‘डावीकडचा मागचा स्पीकर जाड आवाजाला फुटतो, मी ‘एफ’ ओळीत आहे’ म्हटले की माणूस पाहायला येतो. तक्रार पहिल्या दहा मिनिटांत करावी, कारण मध्यंतरानंतर यंत्राच्या खोलीत कोणी सापडेलच असे नाही.

चौकट शुक्रवारच्याच अंकात हवी. शनिवार-रविवारच्या दुपारच्या खेळाची तिकिटे बहुतेक घरांत शुक्रवारी रात्री मोबाइलवर काढली जातात. मोठे परीक्षण रविवारी आले तरी चालेल.

आपला,
एक हौशी प्रेक्षक
फोंडा, गोवा